ग्रूपमध्ये नक्की कोण कोणाशी बोलतं? टेलिग्राम ग्रूपच्या चर्चेचा नकाशा पहिल्यांदा काढणाऱ्यांसाठी

पूर्वपरीक्षेची प्रथम उत्तरतालिका लागली की एमपीएससीच्या टेलिग्राम ग्रूपांवर काय होतं हे तिथे असलेल्या कोणालाही सांगायला नको. मेसेज धो धो पडतात, एकाच प्रश्नावर चार ठिकाणी वाद चालू असतो, आणि वर स्क्रोल करून कोण कोणाला काय म्हणालं हे शोधणं अशक्य होऊन बसतं. असा ग्रूप चालवणारे अॅडमिन बऱ्याचदा विचारतात की आपल्या ग्रूपमध्ये खरंच चर्चा होते का, की दोनच जण बोलतात आणि बाकीचे पीडीएफ गोळा करायला आलेत? याचं बऱ्यापैकी उत्तर चित्र काढून मिळतं, आणि त्यासाठी कोडिंग यायची गरज नाही. लॅपटॉप, एक्सेल आणि गेफी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर एवढं पुरतं. मी इथे अभ्यासाच्या ग्रूपचं उदाहरण धरून सांगतोय, सोसायटीचा किंवा माजी विद्यार्थ्यांचा ग्रूप असला तरी पद्धत तीच.

कल्पना नवी अजिबात नाही. १९३०च्या दशकात याकोब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेत हडसन इथल्या मुलींच्या शाळेत कोणाला कोणासोबत राहायला आवडेल हे विचारून त्याची चित्रं काढली होती, माणूस म्हणजे गोल आणि संबंध म्हणजे रेघ. त्याला त्याने सोशिओग्राम म्हटलं. आपण तेच करणार, फक्त विचारायला जायचं नाही, ग्रूपमधले रिप्लायच सांगतील.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम करा, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा ग्रूपमध्ये असे सहा मेसेज आले:

१०१. अ : पॉलिटीच्या बाराव्याचं उत्तर काय धरलंय?
१०२. ब (१०१ ला रिप्लाय) : दोन
१०३. क (रिप्लाय न करता सरळ टाइप) : आयोगाच्या कीमध्ये तीन दिलंय
१०४. ड (१०२ ला रिप्लाय) : दोन कसं? तीन आहे
१०५. अ (१०४ ला रिप्लाय) : नक्की का?
१०६. ड (१०५ ला रिप्लाय) : की बघ ना भावा

आता चार गोल काढा आणि ज्याने रिप्लाय दिला त्याच्याकडून ज्याला दिला त्याच्याकडे बाण काढा. ब कडून अ कडे एक, ड कडून ब कडे एक, अ कडून ड कडे एक, ड कडून अ कडे एक. झालं, हा तुमचा पहिला नकाशा. अ कडे दोन बाण येतात, म्हणजे त्याच्या बोलण्यावर लोक बोलले. ड कडून दोन बाण निघतात, म्हणजे तो इतरांना उत्तरं देतो.

आणि क? खरी माहिती सगळ्यात आधी त्याने दिली, पण त्याच्याकडे एकही बाण नाही आणि त्याच्याकडून एकही निघत नाही. चित्रात तो कोपऱ्यात एकटा ठिपका, किंवा आपण पुढे ज्या पद्धतीने यादी बनवणार आहोत त्यात तर तो दिसणारच नाही. हे चित्र चुकलेलं नाहीये. आपण ठरवलं की रेघ म्हणजे रिप्लाय, आणि त्या हिशोबाने ते बरोबरच आहे. रेघ कशाची काढायची हे तुम्ही ठरवता आणि चित्र फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर देतं. एकाच विषयावर बोलले म्हणून रेघ, नाव घेऊन मेन्शन केलं म्हणून रेघ, एकानंतर लगेच दुसरा बोलला म्हणून रेघ, या प्रत्येकाचं चित्र वेगळं येईल आणि प्रत्येकात वेगळाच माणूस मोठा दिसेल. नवीन माणसाने रिप्लायनेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे अंदाज नसतो, माणसाने स्वतः बटण दाबलेलं असतं.

म्हणूनच पहिल्या प्रयत्नाला व्हॉट्सअॅप घेऊ नका. व्हॉट्सअॅपचं एक्सपोर्ट साधी टेक्स्ट फाइल देतं, त्यात तारीख, वेळ, नाव आणि मजकूर असतो, पण कोणता मेसेज कोणत्या मेसेजला रिप्लाय होता हे नसतं. मग तुम्हाला "पाच मिनिटांत पुढचा जो बोलला तो आधीच्याला बोलला" असलं काहीतरी धरावं लागतं, आणि सकाळी गुड मॉर्निंगच्या रांगेत ते कसं दिसेल याची कल्पना करा. टेलिग्रामच्या एक्सपोर्टमध्ये प्रत्येक मेसेजला नंबर असतो आणि रिप्लाय असेल तर कोणत्या नंबरला हेही असतं.

डेटा बाहेर काढणं

हे मोबाइलवरून होत नाही, टेलिग्राम डेस्कटॉप लागतं. ग्रूप उघडा, वर उजवीकडे तीन ठिपके, त्यात एक्सपोर्ट चॅट हिस्टरी. फोटो, व्हिडिओ, फाइल सगळ्यांवरची टिक काढून टाका, नाहीतर तो सगळ्या नोट्स आणि पीडीएफ डाउनलोड करत बसेल. फॉरमॅट आपोआप एचटीएमएल असतो, तो बदलून मशीन-रीडेबल जेसन करा. तारखा पण तिथेच निवडता येतात. पहिल्यांदा एखाद्या महिन्याचा डेटा घ्या, दोन वर्षांचा नको. कधी कधी टेलिग्राम सुरक्षेसाठी म्हणतं की आता थांबा, २४ तासांनी या, तर घाबरू नका, तसंच असतं ते. आणि ज्या ग्रूपमध्ये अॅडमिनने कंटेंट सेव्ह करणं बंद ठेवलंय तिथे एक्सपोर्ट होतच नाही.

थांबा, त्याआधी अजून एक. ग्रूप तुमचा असला तरी लोकांना सांगा की आपण असं करतोय, आणि पुढे चित्रात नावांऐवजी कोड वापरा. अमुक जण किती बोलतो आणि कोणाशी बोलतो हे चित्रात उघडं पडतं, आणि दोघंच दोघांशी बोलतात असं दिसलं की ग्रूपमध्ये त्याचे भलतेच अर्थ निघतात, ते तुम्हाला निस्तरता येणार नाहीत.

एक्सेलमध्ये यादी करणं

नवीन माणूस इथे कंटाळतो, पण वेळ सगळा इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक्सेल उघडा, डेटा टॅब, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम जेसन, आणि एक्सपोर्टच्या फोल्डरमधली रिझल्ट नावाची फाइल निवडा. पॉवर क्वेरीची खिडकी उघडेल, त्यात मेसेजेस समोर लिस्ट लिहिलेलं असेल त्यावर क्लिक करा, मग टू टेबल, मग कॉलमच्या डोक्यावर दोन उलटसुलट बाण असतात ते दाबा. आता कॉलमांची यादी येईल. त्यातले पाचच हवेत: आयडी, टाइप, डेट, फ्रॉम-आयडी आणि रिप्लाय-टू-मेसेज-आयडी. शेवटचा कॉलम बऱ्याचदा यादीत दिसतच नाही, कारण पॉवर क्वेरी सुरुवातीच्या काही ओळी बघूनच यादी बनवते आणि तिथे रिप्लाय नसेल तर तिला तो कॉलम आहे हेच माहीत नसतं. खाली लोड मोअर असतं ते दाबलं की येतो.

फ्रॉम न घेता फ्रॉम-आयडी घ्या म्हणतोय त्याला कारण आहे. लोक नावं बदलतात, एका परीक्षेआधी साधं नाव असतं, नंतर त्यापुढे "भावी डीवायएसपी" लागतं, आणि अकाउंट डिलीट केलेल्याचं नाव रिकामंच येतं. आयडी मात्र तोच राहतो. आयडी आणि नाव यांची वेगळी यादी स्वतःजवळ ठेवा, तिसऱ्या कॉलममध्ये कोड द्या, स१, स२, स३ असं काहीही, आणि ती यादी कोणाला पाठवू नका.

टाइप कॉलममध्ये फक्त मेसेजवाल्या ओळी ठेवा. सर्व्हिस लिहिलेल्या ओळी म्हणजे अमका जॉइन झाला, तमक्याने पिन केलं वगैरे, त्या काढून टाका.

आता पाच कॉलम याच क्रमाने असतील तर सहाव्या कॉलममध्ये व्हीलूकअप लावा: रिप्लाय-टू चा नंबर आयडीच्या कॉलममध्ये शोध आणि त्या ओळीचा फ्रॉम-आयडी आणून दे, शेवटी फॉल्स, म्हणजे तंतोतंत जुळलं तरच. ओळी काढायला लागण्याआधी शीटची एक प्रत ठेवा आणि सहावा कॉलम कॉपी करून व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, नाहीतर मूळ मेसेजच्या ओळी गेल्या की व्हीलूकअप तुटतं. रिप्लाय-टूमध्ये नंबर असूनही जिथे एरर येईल तिथे मूळ मेसेज डिलीट झालाय किंवा तुम्ही निवडलेल्या तारखांच्या आधीचा आहे, त्या ओळी सोडून द्यायच्या. जिथे रिप्लाय-टू रिकामं आहे त्याही ओळी काढायच्या, पण काढायच्या आधी त्या किती आहेत ते मोजा!

हे मोजणं कोणी करत नाही आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकूण मेसेजपैकी रिप्लाय किती? माझा आपला ढोबळ नियम असा की पाव भागापेक्षा कमी मेसेज रिप्लाय असतील तर हा नकाशा काढण्यात फार अर्थ नाही, कारण मग तो ग्रूपचा नकाशा राहत नाही, ज्यांना स्वाइप करून रिप्लाय द्यायची सवय आहे तेवढ्यांचाच होतो. अशा ग्रूपमध्ये आधी पिन मेसेज टाकून लोकांना रिप्लाय वापरायला सांगा आणि महिन्याने परत या.

साफसफाई करताना अजून काय काय बघायचं:

बॉट काढा. नवीन माणूस आला की स्वागत करणारा बॉट, क्विझ टाकणारा बॉट, हे सगळ्यांना जोडलेले दिसतात आणि चित्राच्या मधोमध जाऊन बसतात.

ग्रूपला चॅनल जोडलेलं असेल तर चॅनलच्या पोस्ट आपोआप ग्रूपमध्ये येतात आणि लोक त्याखाली कमेंट करतात, त्या सगळ्या चॅनलला दिलेले रिप्लाय म्हणून मोजल्या जातात. चॅनल ठेवून एकदा आणि काढून एकदा, असं दोन्ही करून बघा. चॅनल काढल्यावर काहीच उरलं नाही तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच, ती चर्चा नाही, सूचना फलक आहे.

अनामिक अॅडमिन असतील तर ते सगळे ग्रूपच्याच नावाने बोलतात, म्हणजे तिघं अॅडमिन चित्रात एकच ठिपका होतात.

स्वतःच्याच मेसेजला रिप्लाय देणारे लोक असतात, बरेच असतात. पहिल्या चित्रात त्या ओळी काढा.

शेवटी दोनच कॉलम उरवा, रिप्लाय देणारा आणि ज्याला दिला तो. या टप्प्यावर आयडीच्या जागी कोड टाका. कॉलमांची नावं सोर्स आणि टार्गेट, पण ही फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांतच लिहायची, गेफीला ती तशीच लागतात. सेव्ह अॅज करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, साधं सीएसव्ही निवडलं तर देवनागरी कोडांची प्रश्नचिन्हं होतील.

गेफीमध्ये

गेफी ओपन सोर्स आहे, २००८ पासून आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. फाइल मेन्यूतून इम्पोर्ट स्प्रेडशीट, तुमची सीएसव्ही, आणि इम्पोर्ट अॅज मध्ये एजेस टेबल निवडा (गेफीच्या भाषेत एज म्हणजे रेघ आणि नोड म्हणजे ठिपका). पुढे पुढे जात शेवटच्या खिडकीत ग्राफ टाइप डायरेक्टेड ठेवा, म्हणजे बाणाची दिशा जपली जाते, आणि मोअर ऑप्शन्समध्ये एजेस मर्ज स्ट्रॅटेजी सम आहे ना बघा. सम म्हणजे अ ने ब ला सात रिप्लाय दिले असतील तर सात रेघांऐवजी सात वजनाची एक जाड रेघ. वेगळी पिव्होट टेबल करत बसायची गरज नाही.

आता जे दिसेल ते बघून निराश होऊ नका. सगळ्यांचंच असंच येतं, नुसता शेवयांचा गुंता. त्याला आकार द्यायचं काम लेआउटचं. डावीकडे लेआउटमध्ये फोर्स अॅटलास २ निवडा आणि रन करा. त्यात सगळे ठिपके एकमेकांना ढकलतात आणि रेघा त्यांना जवळ ओढतात, म्हणून एकमेकांशी जास्त बोलणारे जवळ येतात. ठिपके फार चिकटले तर स्केलिंग वाढवा. हालचाल मंदावली की स्टॉप, आणि प्रिव्हेंट ओव्हरलॅप अगदी शेवटी लावा, आधी लावलं तर सगळं अडकून बसतं. जवळ-लांब याला अर्थ आहे, वर-खाली, डावं-उजवं याला काहीही अर्थ नाही, परत रन केलं तर तेच चित्र फिरून येईल. कोणी विचारलंच की मी खाली का आहे, तर हे सांगा.

मग उजवीकडे स्टॅटिस्टिक्स. तीन गोष्टी रन करा, अॅव्हरेज वेटेड डिग्री, मॉड्युलॅरिटी आणि नेटवर्क डायमीटर. त्यानंतर अपिअरन्समध्ये नोड्स, साइज, रँकिंग, तिथे वेटेड इन-डिग्री. म्हणजे ज्याला जास्त रिप्लाय आले त्याचा गोल मोठा. रंगासाठी कलर, पार्टिशन, मॉड्युलॅरिटी क्लास. मॉड्युलॅरिटी म्हणजे आपसात जास्त बोलणारे गट शोधणं, गेफी त्यासाठी २००८ साली आलेली लूव्हां पद्धत वापरतं. यात थोडा रँडमपणा असतो त्यामुळे दोनदा रन केलं तर एखादा माणूस इकडून तिकडे जाऊ शकतो, आणि गट फारच थोडे वाटले तर रेझोल्यूशन एकच्या खाली आणा, जास्त छोटे गट मिळतील. म्हणून "अमका त्या गटातला आहे" असं ठामपणे बोलू नका, विशेषतः जो दोन रंगांच्या सीमेवर आहे त्याच्याबद्दल.

रेघा अजूनही फार असतील तर फिल्टर्समध्ये एज वेट घेऊन एकदाच झालेले रिप्लाय लपवा. मध्येमध्ये सेव्ह करत राहा, केलेलं उलटं फिरवायची नीट सोय गेफीत नाही.

चित्र वाचायचं कसं

आधी एकूण आकार बघा, माणसं नंतर.

मधोमध एक मोठा गोल आणि त्याच्याभोवती सगळे, पण बाहेरच्यांच्या आपसात रेघाच नाहीत, असं असेल तर बाणांची दिशा तपासा. बाण आत जात असतील तर एक जण बोलतो आणि बाकीचे त्याला प्रतिसाद देतात. बाण बाहेर जात असतील तर एक बिचारा सगळ्यांच्या शंका सोडवतोय. आकार एकच, पण गोष्ट पूर्ण उलटी. २०१४ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने ट्विटरवरच्या चर्चांचे सहा आकार सांगितले होते, त्यात या दोघांना त्यांनी वेगवेगळंच धरलंय, एक ब्रॉडकास्ट आणि दुसरा सपोर्ट. बाकीच्या आकारांत दोन तुटक गटांचा, सगळे सगळ्यांशी बोलतात असा घट्ट गटाचा, हे पण आहेत आणि ते तुम्हाला तुमच्या ग्रूपमध्ये ओळखू येतील.

उत्तरं देणाऱ्या माणसाची खूण अजून एक आहे. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या चर्चांवर २००७ साली एक अभ्यास आला होता, त्यात दाखवलंय की असा माणूस बऱ्याच जणांना थोडं थोडं उत्तर देतो, आणि ज्यांना देतो त्यांच्या स्वतःच्या फारशा ओळखी ग्रूपमध्ये नसतात. वाद घालणाऱ्याचं वेगळं असतं, तो त्याच चार-पाच जणांशी परत परत, दोन्ही बाजूंनी जाड रेघांनी जोडलेला, आणि ते चार-पाच जणही एकमेकांना. मेसेजची संख्या मोजली तर दोघं सारखेच दिसतील. चित्रात क्षणात कळतं. एका वाक्याचे पाच तुकडे करून पाठवणारे लोक असतात ना, त्यामुळेही नुसत्या संख्येवर माझा फार विश्वास नाही.

आता साइजचं रँकिंग बदलून बिटवीननेस सेंट्रॅलिटी लावा, ते मघाशी नेटवर्क डायमीटर चालवलं त्यातून येतं. आता वेगळेच गोल मोठे होतील. हे लोक दोन गटांच्या मध्ये असतात, समजा एक गट पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधला, एकमेकांना तोंडओळख असलेला, दुसरा गावाकडून घरूनच तयारी करणाऱ्यांचा, आणि या दोघांत बोलणारी एकच मुलगी. ती फार बोलत नसेल, पण तिने ग्रूप सोडला तर दोन ग्रूप होतील. अॅडमिनने चित्रातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी, मोठ्या गोलांना तो ओळखतच असतो.

आणि जे दिसत नाही ते. नुसतं वाचणारे या चित्रात नाहीत. ग्रूपमध्ये चार हजार मेंबर आणि चित्रात दीडशे ठिपके असं अगदी सहज होऊ शकतं, आणि त्या बाकीच्यांना ग्रूपचा उपयोग होत नाही असं त्यावरून म्हणता येत नाही. रेघ भांडणाची की मदतीची हेही कळत नाही. जाड रेघ दिसली की परत चॅटमध्ये जाऊन ते मेसेज वाचा, हे टाळता येत नाही.

वेळेचं चित्र, जमलं तर

त्याच एक्सेलमध्ये, ओळी काढायच्या आधी ठेवलेल्या प्रतीत, डेटच्या कॉलममधून वार आणि तास वेगळे काढा, पिव्होट टेबलमध्ये वार आडवे, तास उभे, मेसेजची संख्या आत, आणि वरून कंडिशनल फॉरमॅटिंगची कलर स्केल. दहा मिनिटांचं काम आहे. रात्री कोणत्या तासाला ग्रूप पेटतो ते दिसतं. उत्तरतालिकेच्या दिवसांचा डेटा मात्र वेगळा करा, नाहीतर ते दोन-तीन दिवस सगळ्या महिन्याला झाकून टाकतात. नकाशाचंही तसंच, उत्तरतालिकेच्या आठवड्याचा एक आणि साध्या आठवड्याचा एक असे दोन काढून शेजारी ठेवा. गर्दीच्या आठवड्यात मध्ये कोण आहे आणि एरवी कोण, हे सहसा एकच नसतं.

शेवटी गेफीच्या प्रिव्ह्यू टॅबमध्ये जा, शो लेबल्स लावा. लेबलं आलीच नाहीत तर डेटा लॅबोरेटरीत जाऊन आयडीचा कॉलम लेबलमध्ये कॉपी करा. जोडाक्षरं तुटत असतील किंवा चौकोन दिसत असतील तर फॉन्ट निर्मला किंवा मंगल करा. रेघांची अपारदर्शकता कमी केली की गर्दी बरीच सुसह्य होते. एक्सपोर्ट पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये करा, ग्रूपवर टाकायचं असेल तर पीएनजी, आणि ते फोटो म्हणून न टाकता फाइल म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की टेलिग्राम ते दाबून लहान करतं आणि कोड वाचता येत नाहीत. ज्याला स्वतःचा कोड हवा असेल त्याला तो पर्सनलवर द्या.